मोगरा : कळीचा सौदा, अत्तराची पारख

आम्ही घाटकोपरचे कापडवाले. परंतु धंद्याचा हिशेब मोगऱ्यालाही लागू आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-विक्रमगडचे शेतकरी पहाटे मिटलेली कळी खुडून दादरच्या फुलबाजारात पाठवतात. कळी रात्री उमलते. दुसऱ्या दिवशी तिला भाव नाही. कापडाचा तागा वर्षभर ठेवता येतो, कळी नाही.

कनौजचे कारागीर हाच सुगंध डेग-भपक्याने, वाफेवाटे, चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदन महागल्याने आता पुष्कळ ठिकाणी पॅराफिन तेल वापरले जाते. ते विकण्यास हरकत नाही; मात्र चंदनाच्या भावाने विकणे म्हणजे सुताला रेशीम म्हणणे होय. दुकानदार बंधूंनी अत्तर कशात उतरवले ते खरेदीआधी विचारावे आणि गिऱ्हाइकालाही सांगावे. बाजारात पत टिकते ती यानेच.