जड बांगडी कुणाची?

आई गेल्यावर तिच्या दोन बांगड्या आम्ही दोघी बहिणींनी वाटून घ्यायचं ठरवलं. सोनाराने वजनं चिठ्ठीवर लिहून दिली : एक १२.५ ग्रॅम, दुसरी १२.३७५ ग्रॅम. धाकटीला जड मिळावी म्हणून मी १२.५ ग्रॅमची तिच्या हातात ठेवली. तर बाईसाहेब महिनाभर घुम्या! शेवटी न राहवून म्हणाली, "ताई, जड ती तू ठेवलीस ना?"

तिने ३७५ आणि ५ यांची तुलना केली होती! हसू आलं आणि वाईटही वाटलं. शाळेत मी अर्धवेळ गणित शिकवते, आणि घरात दशांश चिन्हापायी रुसवा!

मैत्रिणींनो, मुलंही नेमकी इथेच चुकतात. दशांश चिन्हापुढचे अंक "तीनशे पंचाहत्तर" असे वाचले की फसगत झालीच. "तीन, सात, पाच" असे सुटे वाचावेत. चिन्हानंतरचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं, तिसरं सहस्रांशाचं. उजवीकडच्या प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या एक दशांश.

मुलांना पटवायचं तर वाण्याची यादी घ्या. पाव किलो म्हणजे ०.२५ किलो, अर्धा किलो म्हणजे ०.५ किलो. पंचवीस पाचाहून मोठे, म्हणून पाव किलो रवा अर्ध्या किलोहून जास्त भरेल का? हे मुलांना चटकन पटतं.

तुलना करताना एवढं पाळा :

१. आधी चिन्हाच्या डावीकडचा भाग पाहा. ९.८ पेक्षा १०.२ मोठी.

२. तो सारखा असेल तर पहिलं घर पाहा, मग दुसरं. जिथे प्रथम फरक दिसेल तिथेच निकाल.

३. गोंधळ होत असेल तर शेवटी शून्यं देऊन घरं सारखी करा : १२.५०० आणि १२.३७५.

शून्य शेवटी दिलं तर किंमत बदलत नाही. चिन्हाला लागून मध्ये घातलं तर बदलते. १२.५० म्हणजे १२.५च, पण १२.०५ मात्र त्याहून लहान.

काही मुलं उलटाच नियम धरून बसतात : अंक जास्त तर संख्या लहान. तोही खोटा. ०.४५ ही ०.४ पेक्षा मोठीच आहे.

धाकटीने स्वतःच्या हाताने दोन शून्यं लिहिली, वजाबाकी केली. फरक ०.१२५ ग्रॅम! सव्वाशे मिलिग्रॅम सोन्यासाठी महिनाभर अबोला. "ताई, बदलून घेऊ या का?" म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे गं, तुझ्यासाठीच ठेवली होती."

जाता जाता तुमच्यासाठी एक उदाहरण. जुना तोळा सुमारे ११.६६४ ग्रॅमचा. मग ११.७ ग्रॅमची चेन तोळ्याहून जास्त की कमी? शून्यं देऊन पाहा, आणि मुलांनाही विचारा.