निखळलेला सांधा : लक्षणे, धोके व तातडीचे उपाय

पिकांवर लिहिणाऱ्याने सांध्यांवर का लिहावे, असे आपणांस वाटेल. कारण घरचेच आहे. माझ्या चुलत्यांनी कुळवणी करताना कासरा मनगटाला गुंडाळला होता. बैल बुजून उधळला आणि हिसक्यासरशी त्यांचा उजवा खांदा निखळला. दोन दिवस हाडवैद्याकडे ओढाताण झाली, मग गरम तेलाने मालीश, आणि असे पाच आठवडे गेले. अखेर शहरात शस्त्रक्रिया करून सांधा बसवावा लागला. आज त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. पहिल्याच दिवशी रुग्णालय गाठले असते तर हे बहुधा टळले असते.

सांध्यात एकमेकांस भिडलेली हाडे जागा सोडून सरकली की सांधा निखळला असे म्हणतात. हाड मोडणे वेगळे व लचकणे वेगळे. मात्र निखळण्याबरोबर हाड मोडलेलेही असू शकते आणि ते बाहेरून कळत नाही. मोठ्या सांध्यांपैकी खांदा सर्वांत जास्त वेळा निखळतो. खांदा व खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे होत. पण खुब्याची उखळ खोल असते, तर खांद्याची बशीसारखी उथळ. त्यामुळे हात चोहोबाजूंना फिरतो आणि त्यामुळेच तो निसटतो.

लक्षणे

निखळलेल्या खांद्याची गोलाई जाते व तो चपटा, टोकदार दिसतो. मनुष्य दुखरा हात दुसऱ्या हाताने सावरून बसतो. कोपर छातीला टेकत नाही, त्या हाताचा पंजा विरुद्ध बाजूच्या खांद्यावर ठेवता येत नाही. लचकलेला सांधा दुखत का होईना, थोडाफार हलतो. निखळलेला अडकून बसतो. खुबा निखळल्यास पाय बहुधा आखूड व आत वळलेला दिसतो. उंचावरून पडणे, ट्रॅक्टर उलटणे अशा मोठ्या अपघातात हे घडते.

विजेचा धक्का बसलेल्या माणसाविषयी मात्र स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. मोटारीच्या पेटीत हात गेला, धक्का बसला, पण माणूस वाचला, या आनंदात दुखऱ्या खांद्याकडे कोणी पाहत नाही. धक्क्याने स्नायू एकदम आखडतात आणि त्या जोराने खांदा मागच्या बाजूस निखळू शकतो. फेफरे आल्यावरही असे होते. एरवी खांदा बहुतेक वेळा पुढे निखळतो. मागे निखळलेल्या खांद्यात वर सांगितलेला चपटेपणा ठळक दिसत नाही आणि केवळ समोरून घेतलेल्या क्ष-किरण फोटोतही तो नजरेतून सुटू शकतो. खूण एकच : हात पोटाकडे वळलेला राहतो व बाहेर फिरवता येत नाही. म्हणून विजेचा धक्का बसला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते बाजूनेही फोटो घेतील.

दुर्लक्ष केल्यास

सरकलेले हाड जवळच्या नसेवर व रक्तवाहिनीवर दाब देते. दंडाच्या वरच्या बाहेरील भागास बधिरता आली तर खांद्याच्या नसेला इजा झाली असे समजावे. हात किंवा पाय गार, फिकट पडला, बोटे हलेनाशी झाली, तर रक्तपुरवठा अडला आहे. गुडघा निखळल्यास हा धोका सर्वांत मोठा असतो व काही तासांत पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. निखळलेला खुबा शक्यतो ६ तासांच्या आत बसवावा लागतो. उशीर झाल्यास मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो हळूहळू झिजतो आणि कायमचे लंगडेपण येते.

कोपराला मालीश तर कधीच करू नये. दुखावलेला स्नायू चोळल्याने त्यात हाड धरू लागते आणि कोपर जखडून जाते. बांबूच्या कामट्या करकचून बांधण्यानेही रक्तप्रवाह थांबतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ निखळलेला राहिलेला खांदा ओढून बसणे कठीण होते, मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

हाडवैद्याच्या हातात कसब नसते असे माझे म्हणणे नाही. डॉक्टरही सांधा ओढूनच बसवतात. फरक असा की ते आधी फोटो पाहतात, वेदनाशामक वा भूल देऊन स्नायू सैल करतात आणि बसवल्यावर पुन्हा फोटो घेतात. आत मोडलेले हाड तसेच ओढले तर नस व रक्तवाहिनी तुटण्याची भीती असते.

तातडीने काय करावे

सांधा ओढू नये, चोळू नये. हात ज्या स्थितीत आहे तसाच उपरण्याची झोळी करून गळ्यात अडकवावा व छाती आणि हात यांच्यामध्ये घडी केलेले कापड ठेवावे. पाय असल्यास माणसाला उभे न करता फळीवर वा बाजेवर झोपवून न्यावे; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सूज चढण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. चहासुद्धा पाजू नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. निघण्यापूर्वी क्ष-किरण यंत्र असलेले रुग्णालय कोणते, ते विचारून घ्यावे.

खांदा बसला की दुखणे एकदम कमी होते आणि तिथेच तरुण मंडळी फसतात. चार दिवसांत झोळी फेकून फावडे हाती घेतात. विशीच्या आतबाहेर निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता फार असते. झोळी साधारण तीन आठवडे ठेवावी. पाटी उचलणे, पाठीवरचा फवारणी पंप, कासऱ्याचे काम हे डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करावे. वयस्कांचा खांदा मात्र आखडतो, म्हणून त्यांना हालचाली लवकर सुरू करायला सांगतात. चाळिशीनंतर झोळी सुटूनही हात वर उचलता येत नसेल, तर आतील स्नायूबंध फाटलेला असू शकतो, पुन्हा दाखवावे.

आणि बैल हाकताना कासरा मुठीत धरावा, मनगटाला वेढे देऊ नयेत.