हरवलेले सोने शोधताना आधी गवत, मग यंत्र

खुरपणी किंवा सोयाबीनची काढणी चालू असताना बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र तुटून शेतात पडणे, ही खेडोपाडी अधूनमधून घडणारी गोष्ट आहे. तुळजापूरसारख्या कोरडवाहू तालुक्यात तोळाभर सोने म्हणजे कित्येक घरांची वर्षाची शिल्लक. अशा वेळी कोणीतरी मेटल डिटेक्टर घेऊन येतो, उभ्या गवतावरून तासभर यंत्र फिरवतो आणि 'इथे काही नाही' असे सांगून निघून जातो. त्यानंतर संशय शेजारच्या ओळीत खुरपणाऱ्या मजूर बायकांवर जातो. सोने मात्र बहुधा तिथेच असते. यंत्र त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते, एवढेच.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी यंत्राचे काम पाहावे लागेल. यंत्राच्या तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निघते. ते जमिनीतील धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहाचे क्षेत्र तबकडी पुन्हा टिपते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. त्यामुळे तबकडीच्या व्यासापेक्षा जास्त अंतरावरील बारीक वस्तूच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले, तर परतीचा संकेत सुमारे चौसष्टावा भाग उरतो. जवळच्या अंतरात घट इतकी तीव्र नसते. तरीही चार बोटे उंचीच्या गवतावर तबकडी टेकली म्हणजे तेवढी खोली हातची गेली, असे धरावे.

मंगळसूत्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बारीक साखळी ही यंत्राच्या दृष्टीने एक वस्तू नसून सुट्या सुट्या कड्यांची माळ असते, आणि प्रत्येक कडी इतकी लहान की तिचा संकेत जवळजवळ शून्य. काचेचे काळे मणी तर यंत्राला दिसतच नाहीत. खात्रीने वाजतात त्या वाट्या. म्हणजे शोधायच्या असतात त्या दोन लहानशा वाट्या, आणि त्यासाठी तबकडी मातीला जवळजवळ घासून गेली पाहिजे.

येथे जमीन कशी आहे, यालाही महत्त्व आहे. तुळजापूरची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली असून तिच्यात लोहयुक्त खनिजे भरपूर आहेत. यंत्राला ती मातीही 'ऐकू' येते. चांगल्या यंत्रात मातीचा हा आवाज दाबण्याची सोय असते. पण तबकडीची उंची सारखी राहिली तरच ती नीट चालते. गवताच्या ठोंबावरून तबकडी वर गेली, पुढे खाली आली, की मातीचाच आवाज चढउतार करू लागतो. ज्वारीच्या धसकटावर ती आपटली तरी खोटा आवाज येतो. म्हणून अर्धवट साफ केलेली जागा शोधाला फारशी उपयोगाची नसते.

साफ करायचे ते खुरप्याने नव्हे, विळ्याने. खुरपून मुळे उपटली की ढेकळाबरोबर वाटी उलटून खाली जाऊ शकते, किंवा मुळांत अडकून बांधावर फेकली जाते. सुतळी लावून दोन-अडीच हातांचे पट्टे पाडावेत, गवत मातीलगत कापावे आणि कापलेले गवत ताडपत्रीवर पसरून त्यावरूनही यंत्र फिरवावे. साखळी पुष्कळदा जमिनीवर नसून गवतातच अडकलेली असते. ही तपासणी होईपर्यंत तो चारा जनावरांपुढे टाकू नये. विळा, हातातली अंगठी, कमरेचा चाव्यांचा जुडगा हे सारे तबकडीपासून लांब ठेवावे. गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि दाट गवतात घोणस असू शकते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. शहरातून यंत्र घेऊन येणाऱ्याला मात्र सांगावे.

गवत पेटवून देण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. सोने वितळायला १,०६४ अंश सेल्सिअस तापमान लागते, तेवढी धग गवताच्या आगीत नसते, हे खरे. पण पोतीचा दोरा जळतो, मणी तडकतात आणि एका जागी पडलेला दागिना सुटा होऊन विखुरतो. रोटाव्हेटर फिरवणे तर त्याहून वाईट. शोध लवकर घ्यावा, याला आणखी एक कारण आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात, आणि भेगेत गेलेली वाटी साध्या यंत्राच्या टप्प्याबाहेर जाते.

इतका वेळ आपण काळीविषयी, म्हणजे शेतजमिनीविषयी बोललो. गावाची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, ही निराळी बाब आहे. धाराशिव जिल्ह्याच्या दख्खनी बेसाल्टमध्ये नैसर्गिक सोन्याचे कण नाहीत. महाराष्ट्रात सोन्याचे खनिज आढळते ते नागपूर-भंडारा भागात, आणि सोन्याची हट्टी येथील खाण आहे कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात. तेव्हा इथल्या मातीत सोने सापडलेच, तर ते माणसाच्याच हातचे असते. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमन जगाशी व्यापार करणारे हे नगर होते आणि तेथील हस्तिदंती मूर्तीचे पोंपेईत मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य प्रसिद्ध आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात ती पाहायला मिळते. अशा टेकाडावरचे गवत हा तिथला केरकचरा नाही. पावसात मातीचे थर धरून ठेवणारे ते आवरण आहे. ते काढले की पाण्याच्या ओघळी पडतात, आणि कोणती वस्तू कोणत्या थरातली हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री विजेऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन दुसऱ्यांच्या शेतांत मोहरा शोधायला लोटले. शेते उकरली गेली. आपल्याकडे नळदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली असे होऊ नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याविना उत्खनन करणे हा गुन्हा आहे.

आपल्याच शेतात आपलेच हरवलेले मंगळसूत्र शोधण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र विळा चालवताना खाली खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे किंवा जुनी नाणी दिसू लागली, तर तिथेच थांबावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीत दडवलेले धन सापडल्यास ते केव्हा, कोठे व अंदाजे किती सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्या धनावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे व एक चतुर्थांश जागेच्या मालकाचे. सरकारने ते घ्यायचे ठरवल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. न कळवल्यास शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते.