पोटात गोळा का येतो?

सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा उरत नाही. 8 सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. कोळी आणि ईस्ट इंडियन मंडळींची ही मोत माउली, पण तिच्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसे उभी असतात. 1904 साली बांधलेल्या चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवे असेल तर मेणाचे घर. चढावावर कडियो-बोडियो आणि भाजलेल्या चण्यांचे ढीग असतात. घरातल्या सगळ्यांत लहान भाविकाचे लक्ष मात्र यातल्या कशाकडेच नसते. त्याला लांबूनच आकाशपाळण्याचे दिवे दिसलेले असतात.

तिकीट काढून पाळण्यात बसावे. पाळणा वर चढतो, माथा ओलांडतो, उतरायला लागतो आणि पोटात गोळा येतो. हा गोळा येतो कुठून?

उंचीमुळे, असे वाटेल. पण इमारतीच्या विसाव्या मजल्यावर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या पोटात काही होत नाही. मग वेगामुळे? चर्चगेटहून वांद्र्याला येणारी फास्ट लोकल जत्रेतल्या कुठल्याही पाळण्यापेक्षा जोरात धावते, आणि तिच्यात माणसे उभ्या उभ्या डुलक्या काढतात. शरीराला उंची मोजता येत नाही आणि वेगही मोजता येत नाही. त्याला कळतो तो फक्त वेगातला बदल.

आणखी एक गंमत म्हणजे, पृथ्वी आपल्याला खाली ओढते ती ओढ आपल्याला कधी जाणवतच नाही. जाणवतो तो खुर्चीने किंवा जमिनीने वर दिलेला रेटा. त्यालाच आपण आपले वजन समजतो. पाळणेवाला विकतो तो हा रेटा, कधी कमी करून, कधी वाढवून.

हिशेब करून पाहू. समजा पाळण्याची त्रिज्या 8 मीटर आहे आणि एक फेरी 8 सेकंदांत पुरी होते. 20 किलोच्या मुलाला पाळण्यात वजनकाट्यावर बसवले, तर माथ्यावर काटा 10 किलो दाखवील आणि तळाशी 30 किलो. चार सेकंदांत दहाचे तीस, पुढच्या चार सेकंदांत तिसाचे दहा! माथ्यावर आसनाचा रेटा निम्मा झाला की पोटातले सैलसर टांगलेले अवयवही किंचित वर सरकतात. तोच तो गोळा.

यातून एक उलटाच निष्कर्ष निघतो. पाळणा जितका मोठा तितका भयंकर, असे मुळीच नाही. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने उभारलेले चाक 264 फूट उंच होते. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसे मावत. एवढे अजस्र चाक दोन फेऱ्यांना वीसेक मिनिटे घेई. लंडनमधले आजचे 135 मीटरचे चाक एका फेरीला अर्धा तास लावते. दोन्हींत देखावा भव्य आणि पोट शांत. कारण फेरीचा वेळ निम्मा केला की परिणाम चौपट होतो. म्हणून जत्रेतला छोटा, गरागरा फिरणारा पाळणा या राक्षसी चाकांना सहज हरवतो.

आणि तो जुनाही आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1620 मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लॉव्हदिव्हला असे उभे फिरणारे लाकडी चाक पाहिले आणि त्याचे चित्र काढून ठेवले. आपल्याकडच्या लहान जत्रांत आजही विजेवाचून चालणारे पाळणे दिसतात. एक पोरगा आऱ्यांवरून सरसर माथ्यापर्यंत चढतो आणि एका बाजूला लोंबकळतो. त्याच्या वजनाने ती बाजू खाली येते आणि चाक फिरू लागते. तिथे इंजिन म्हणजे तो पोरगाच.

मोटरवर चालणाऱ्या पाळण्यात माणसे कशी बसवतात तेही पाहण्यासारखे असते. पाळणेवाला ओळीने पाळणे भरत नाही. एक भरला की चाक फिरवून समोरचा भरतो. दोन्ही बाजूंचे वजन सारखे झाले की चढणाऱ्यांना वर न्यायचे काम उतरणारेच करतात. मोटरला फक्त घर्षणाशी झगडावे लागते. त्याला यासाठी कागद-पेन्सिल लागत नाही. कोण जाड, कोण बारीक हे तो एका नजरेत ताडतो.

शेजारी मेरी-गो-राउंडचे घोडे फिरत असतात. इथे परीक्षा कानाची असते. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव मागे रेंगाळतो आणि त्यातली सूक्ष्म केसांची गादी वाकते. मेंदूला कळते की आपण वळलो. पण एकाच वेगाने फिरत राहिले की थोड्याच वेळात द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो. डोळे मिटले असतील तर फिरण्याची जाणीवच ओसरते. मग घोडे थांबतात. द्रव मात्र लगेच थांबत नाही, आणि मेंदू समजतो की आता आपण उलटे फिरतोय. म्हणून खाली उतरलेले पोर तिरके चालते, धडपडते, हसते आणि म्हणते, ‘अजून एकदा!’

नवल असे, की बाळ जन्मते तेव्हाच त्याच्या कानातले हे यंत्र जवळजवळ मोठ्या माणसाच्या आकाराचे असते. हातपाय, दात, बुद्धी सगळे पुढे वाढायचे असते, पण तोल मोजणारे उपकरण तयार असते. त्याचा वापर शिकायला मात्र काही वर्षे जातात. फिरणे, लोंबकळणे, उंचावरून घसरणे हे सगळे पोरांना हवेहवेसे वाटते, त्यात ही शिकवणीच चाललेली असते.

मेरी-गो-राउंडवर घोड्यांच्या दोन ओळी असतील, तर अगदी लहान मुलाला आतल्या घोड्यावर बसवावे. दोन्ही घोडे एका वेळी एकच फेरी पुरी करतात, पण बाहेरच्याला लांबचा वळसा पडतो. त्यामुळे त्याचा वेगही जास्त आणि बाहेर फेकला जाण्याचा भासही जास्त.

मोठ्या जहाजाच्या आकाराच्या झोपाळ्यालाही हीच युक्ती लागू पडते. मधल्या बाकावर बसणाऱ्याला हेलकावे मिळतात, टोकाच्या बाकावर बसणाऱ्याला गोळा. या जहाजाच्या पोटाखाली वाकून पाहिलेत तर साधा रबरी टायर दिसेल. जहाज वरून गेले की टायर तळाला घासून त्याला जरासा धक्का देतो. एवढे टनावारी धूड त्या चिमुकल्या धक्क्यांवर आभाळाला भिडते, कारण प्रत्येक धक्का नेमक्या वेळी बसतो. अंगणातल्या झोपाळ्याला आजी एका बोटाने झोका देते, तोच हा प्रकार.

जत्रेतला सगळ्यांत थरारक खेळ म्हणजे मौत का कुआँ. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल आडवी धावते. तिला पडू देत नाही ते टायर आणि फळीमधले घर्षण. विहिरीची त्रिज्या 5 मीटर धरली, तर निसटू नये म्हणून ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. या हिशेबात वजन कुठेच येत नाही. मोटारसायकल असो की मारुती गाडी, किमान वेग तोच. भिंत जितक्या जोरात आत दाबते, तितके घर्षण वाढते, आणि जड वाहन भिंतीवर दाबही तितकाच जास्त देते.

मोठ्या उद्यानांतही नियम हेच. 1989 मध्ये बोरिवलीपलीकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले. तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरची उंची सुमारे 40 मीटर आहे. एकदा माथ्यावर ओढून नेला, की पुढे डब्याला इंजिन लागत नाही. 40 मीटरच्या उतारावरून वेग किती मिळेल? कागदावरचे उत्तर येते ताशी 100 किलोमीटर. सगळी कमाई उंचीची.

अशा उद्यानांत दारातच उंची मोजायची पट्टी असते, आणि सहा वर्षांचा असलो तरी आत का सोडत नाहीत म्हणून मुले रुसतात. वय न विचारता उंची मोजतात, कारण कमरेवरचा दांडा अंगाला नीट बसायला हवा, पाय टेकायला हवेत आणि मान बळकट हवी. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढे असते, मोठ्या माणसाचे आठव्या भागाएवढे. लहान मुलाच्या बारीक मानेवर मोठे डोके असते. झटका बसला की ताण तिथेच येतो.

आता सगळ्यांत मोठा पाळणा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा वांद्रे, त्याचा डोंगर, चर्च, रांगेतली माणसे आणि चणेवाले हे सगळे ताशी जवळजवळ 1580 किलोमीटर वेगाने पूर्वेला जात असतात. तरी मेणबत्तीची ज्योत वाकत नाही आणि पोटात गोळा येत नाही. एक फेरी 24 तासांची, बदल अगदी सावकाश. परिणाम शून्य मात्र नाही. पृथ्वी फिरायची थांबली, तर 50 किलोच्या माणसाचा वजनकाटा इथे दीडशे ग्रॅम जास्त दाखवील.

पाळण्यात बसाल तेव्हा हे मोजूनही पाहता येईल. आपल्या फोनमध्ये वेगातला बदल टिपणारा संवेदक असतो आणि त्याचे आकडे दाखवणारी अॅप फुकट मिळतात. जमिनीवर आकडा 9.8 असतो. अॅप नोंदीवर लावून फोन चेनच्या खिशात घट्ट बंद करा आणि चार फेऱ्या घ्या. वर हिशेबाला घेतलेल्या पाळण्यात आकडा माथ्यावर 5 च्या जवळ उतरेल, तळाशी 15 च्या जवळ चढेल. उतरल्यावर नोंद उघडण्याआधी मांडीवरच्या लहानग्याला विचारा, सगळ्यांत कमी कुठे? तो न चुकता माथ्याकडे बोट दाखवील.