कुलूप आणि नक्कल

लॅपटॉपच्या चोरीत एकाच वेळी दोन वस्तू नाहीशा होतात: एक यंत्र, ज्याची किंमत पावतीवर छापलेली असते, आणि दुसरा त्यातील मजकूर, ज्याची किंमत कोठेच लिहिलेली नसते व जो पुष्कळदा यंत्राच्या मालकाचा नसतोच. या दुसऱ्या वस्तूचा विचार सहसा शहरांतील कंपन्यांच्या संदर्भात होतो. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात, नागपूर–मुंबई जुन्या महामार्गावर वसलेल्या डोणगावसारख्या गावी तो अधिक निकडीचा ठरतो, कारण अशा गावात एकेका लॅपटॉपवर एका माणसाचे नव्हे, तर आसपासच्या खेड्यांचे कागद साठलेले असतात.

आपले सरकार सेवा केंद्र, म्हणजे दाखले, अर्ज व ऑनलाइन नोंदणी ठरावीक शुल्कात करून देणारे शासनमान्य केंद्र, हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभर अशा केंद्रांसमोर रांगा लागल्या, आणि अर्जागणिक आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुकाचे पहिले पान यांच्या प्रती कोणत्या ना कोणत्या यंत्रात उतरल्या. अर्ज दाखल झाला की या प्रतींचे काम संपते, पण त्या सहसा पुसल्या जात नाहीत: ‘डाउनलोड्स’च्या कप्प्यात ‘स्कॅन ००४७’ अशा निनावी फायली एकाखाली एक पडून राहतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कागदपत्रे त्यात भर घालतात, पोर्टलचा पासवर्ड ब्राउझरने स्वतःच लक्षात ठेवलेला असतो, आणि लॅपटॉपचा पासवर्ड, असलाच तर, कीबोर्डाखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. असे यंत्र चोरीस गेले तर खरे नुकसान रांगेत उभ्या राहिलेल्या स्त्रियांचे होते, आणि त्यांना चोरीची खबरही लागत नाही. यावरचा पहिला उपाय मुळीच तांत्रिक नाही: पोच निघाली की प्रती त्याच दिवशी पुसाव्यात, आणि जेथे चालत असेल तेथे मास्क्ड आधार, म्हणजे पहिले आठ अंक झाकून शेवटचे चारच दाखवणारी प्रत, घ्यावी.

सातबाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. ई-फेरफार प्रणालीत तलाठी, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकारी, नोंद लॅपटॉपवर करीत असला तरी ती राज्याच्या सर्व्हरवर जाऊन बसते, आणि मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन काढता येतो. त्यामुळे लॅपटॉप गेला म्हणून जमिनीची नोंद जात नाही. तेथे जपायची वस्तू म्हणजे डीएससी टोकन, अर्थात पेनड्राइव्हएवढे, आत डिजिटल स्वाक्षरीची गुप्त किल्ली बाळगणारे उपकरण. ते लॅपटॉपलाच खोचून ठेवणे म्हणजे सही केलेला कोरा कागद टेबलावर सोडून जाणे होय. ते हरवल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून ते प्रमाणपत्र तत्काळ रद्द करून घ्यावे लागते.

लॅपटॉप सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड हेच मजकुराचे कुलूप आहे, हा समज सर्वत्र आढळत असला तरी चुकीचा आहे. तो दारावरच्या राखणदारासारखा असतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की राखणदार मागे राहतो आणि फायली जशाच्या तशा वाचता येतात. खरे कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन किंवा कूटबद्धीकरण, ज्यात डिस्कवरील प्रत्येक अक्षर गणिती किल्लीने असे बदलले जाते की किल्लीवाचून ते निरर्थक ठरावे. त्यासाठी सध्या सर्रास वापरली जाणारी एईएस ही पद्धत अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’, होम आवृत्तीच्या बऱ्याच यंत्रांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, मॅकमध्ये ‘फाइलव्हॉल्ट’ आणि लिनक्समध्ये ‘लक्स’ या नावांनी ही सोय मिळते, आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. ती नसल्यास काय होते, हे मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने अनुभवले: एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाह्य हार्ड डिस्क चोरीस गेली, आणि त्यांवर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावे, जन्मतारखा व सामाजिक सुरक्षा क्रमांक कूटबद्ध न करता ठेवलेले होते. यंत्र पुढच्याच महिन्यात सापडले आणि मजकूर उघडला गेला नसावा असा निष्कर्ष निघाला, तरीही पुढे त्या विभागाने २ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

कूटलेखन मेहकरच्या परिसराला नवे नाही. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या मेहकर व लोणार येथील वास्तव्याच्या आठवणी ज्या ‘लीळाचरित्रा’त आहेत, तो ग्रंथ आणि त्या पंथाचे अन्य वाङ्मय शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत, म्हणजे एका अक्षरासाठी दुसरे चिन्ह वापरून, जपले गेले. कुलूप इतके पक्के बसले की विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी उलगडा करीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय जवळजवळ अज्ञातच होते. किल्ली हाती नसलेल्या कुलपाचा हा धोका बिटलॉकरलाही आहे: त्याची पुनर्प्राप्ती किल्ली ४८ अंकी, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते, आणि मदरबोर्ड बदलल्यावर विंडोजने ती मागितली व ती सापडली नाही तर मालक स्वतःच्याच फायलींना कायमचा मुकतो. म्हणून ती छापून खरेदीखत आणि रेशन कार्ड जेथे असते तेथे ठेवावी. लॅपटॉपच्या बॅगेत तर मुळीच नको.

त्याच ग्रंथाच्या इतिहासात दुसऱ्या उपायाचेही उदाहरण सापडते. ग्रंथकर्ते म्हाइंभट यांची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि पंथातील हिराइसा यांच्या पाठांतरावरून ती पुन्हा लिहिली गेली, असे पंथाची परंपरा सांगते. मूळ गेले तरी नक्कल दुसरीकडे होती, म्हणून ग्रंथ उरला. आजच्या संगणकव्यवहारात हाच नियम तीन–दोन–एक असा सांगतात: प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. पहिली लॅपटॉपवर, दुसरी घरच्या कपाटातील हार्ड डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर, अथवा इंटरनेट रखडत असेल तर मेहकरला नातलगाकडे ठेवलेल्या कूटबद्ध डिस्कवर, अशी मांडणी डोणगावातही जमण्यासारखी आहे. चार्जरच्या कप्प्यातला पेनड्राइव्ह ही नक्कल नव्हे, कारण तो चोराबरोबरच जातो. आणि केवळ सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फायली आपोआप सारख्या ठेवणे, हीसुद्धा पुरती नक्कल नव्हे, कारण एकीकडे चुकून पुसलेली फाइल दुसरीकडूनही पुसली जाते.

कुलूप आणि नक्कल असली तरी यंत्र चोरीस जाऊ शकतेच. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डोणगावकडे निघालेला विद्यार्थी बॅग डोक्यावरच्या रॅकमध्ये टाकून झोपतो आणि ढाब्यावर गाडी थांबली की मोकळ्या हाताने खाली उतरतो. चोराला तेवढा वेळ पुरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे प्रवासी वाहनातून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. बस पुढे निघून आली तरी डोणगाव पोलीस ठाण्यात ती नोंदवता येते. तथापि मोबाइल जसा आयएमईआय क्रमांकावरून ‘संचार साथी’वर बंद पाडता येतो, तसा लॅपटॉप सहसा पाडता येत नाही, त्याची ओळख तळाशी व खोक्यावर छापलेला सिरियल क्रमांक एवढीच, आणि तो आधी उतरवून ठेवलेला नसेल तर फिर्यादीत फक्त ‘काळ्या रंगाचा लॅपटॉप’ एवढेच लिहिले जाते. ठाण्याच्या वाटेवरच मोबाइलवरून ई-मेलचा पासवर्ड बदलून सर्व यंत्रांतून लॉगआउट करावे, आणि खात्यातून पैसे हलले असतील तर १९३० हा सायबर मदत क्रमांक लावावा. बिनपावतीचा स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्यानेही सावध असावे, कारण चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घेणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ब खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुने यंत्र विकताना किंवा दुरुस्तीला देताना मजकूर न चोरताच दुसऱ्याच्या हाती जातो. ‘डिलीट’ने बहुधा फाइल जात नाही, अनुक्रमणिकेतील तिची ओळ तेवढी खोडली जाते आणि पान जागेवर राहते, म्हणून विकण्यापूर्वी ‘रीसेट’मधील ड्राइव्ह साफ करण्याचा सविस्तर पर्याय निवडावा, मग त्याला दोन-तीन तास का लागेनात. डिस्क आधीपासून कूटबद्ध असेल तर एवढाही खटाटोप उरत नाही, कारण किल्ली नष्ट केली की मागे राहतो तो कोणालाही न लागणारा अक्षरांचा ढीग.