नोंद न होण्याचे कारण : फोल्डरची परवानगी

विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर ठेवताना काही ठिकाणी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसचा उपयोग करण्यात येतो. त्याची फाइल एका संगणकावरील सामाईक फोल्डरमध्ये असते व इतर शिक्षक आपापल्या संगणकावरून ती उघडतात. अशा व्यवस्थेत एक अडचण पुष्कळदा उद्भवते. मुख्याध्यापकांना नोंद करता येते. परंतु वर्गशिक्षकाने तीच फाइल उघडली असता ती केवळ वाचता येते, अथवा ‘ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी’ अशी सूचना पडद्यावर दिसते. सूचनेत क्वेरीचा उल्लेख असल्यामुळे शिक्षक क्वेरीतच दोष शोधीत राहतो. वस्तुतः एकाला जमते व दुसऱ्याला जमत नाही, तेव्हा दोष बहुधा फोल्डरच्या परवानगीत असतो.

याचे कारण असे : दोघांनी एकच नोंद एकाच क्षणी बदलू नये म्हणून ॲक्सेस त्याच फोल्डरमध्ये एक लहान कुलूप-फाइल निर्माण करते. ॲक्सेस २००७ पासून आलेल्या ‘एसीसीडीबी’ फाइलीसाठी तिच्या नावाअखेर ‘एलएसीसीडीबी’ असते. जुन्या ‘एमडीबी’ फाइलीसाठी ‘एलडीबी’ असते. पहिल्या व्यक्तीने डेटाबेस उघडताच ती तयार होते व शेवटच्या व्यक्तीने तो बंद करताच पुसली जाते. म्हणून डेटाबेसच्या फाइलीवर लिहिण्याची परवानगी असणे पुरेसे नाही. फोल्डरमध्ये नवी फाइल निर्माण करण्याची व पुसण्याची परवानगीही आवश्यक आहे.

परीक्षा सोपी आहे. अडचण आलेल्या शिक्षकाने स्वतःच्या नावाने प्रवेश करून त्या फोल्डरमध्ये एक कोरी फाइल तयार करावी व नंतर ती पुसावी. हे न जमल्यास कारण सापडले असे समजावे. मग ज्या संगणकावर फोल्डर आहे, तेथे फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ या भागात त्या शिक्षकाला ‘मॉडिफाय’ ही परवानगी द्यावी. त्याचबरोबर ‘शेअरिंग’ या भागात ‘चेंज’ ही परवानगी आहे किंवा नाही हेही पाहावे. फोल्डर दुसऱ्या संगणकावरून उघडला जातो तेव्हा या दोहोंपैकी जी परवानगी अधिक मर्यादित असेल, तीच लागू पडते. एकच बदलून दुसरी तशीच ठेवल्यास अडचण कायम राहते.

या प्रसंगी दोन आडवाटा कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, फाइलीची प्रत आपल्या संगणकावर घेऊन तीत नोंदी करणे. त्यामुळे एकाच शाळेची दोन दप्तरे होतात आणि एकात असलेले मुलाचे नाव दुसऱ्यात सापडत नाही. दुसरी, ‘एव्हरीवन’ला सर्व अधिकार देऊन टाकणे. विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा व घरचे पत्ते त्या फाइलीत असतात. ते कोणालाही बदलता वा पुसता येणे योग्य नव्हे. ज्याचे काम आहे त्याला, कामापुरतीच परवानगी द्यावी. म्हणजे नोंद वेळेवर होते आणि दप्तरही सुरक्षित राहते.