ओवाळणीचे पैसे कोणाचे?

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरते, त्या दिवशी वर्गात सुटीतील गोष्टी निघतात. कोणी मामाच्या गावी गेलेले असते, कोणी अंगणात किल्ला केलेला असतो. बोलता बोलता भाऊबीजेचा विषय निघाला, म्हणजे दोन प्रकारची उत्तरे हमखास ऐकू येतात. "मला दोनशे रुपये ओवाळणी मिळाली होती, पण ती आईने ठेवायला घेतली," असे एखादी मुलगी सांगते. "मला मामाने शंभर रुपये दिले होते, ते संपले," असे एखादा मुलगा सांगतो. ते कशात संपले, हे त्याला नीट आठवत नाही. आणि 'ठेवायला' दिलेले पैसे परत केव्हा मिळणार, हे तिला ठाऊक नसते.

ही दोन्ही उत्तरे शिक्षकाने हसून सोडून देण्याजोगी नाहीत. त्या मुलीला निर्णय घेण्याची संधीच मिळाली नाही. त्या मुलाला संधी मिळाली, परंतु निर्णय कसा घ्यावा हे त्याला कोणी दाखविले नाही. पैशाचा व्यवहार पुढे जन्मभर करावयाचा असतो. त्याचे पहिले धडे मात्र मुलाला या ओवाळणीतून, ईदीतून, निघताना पाहुण्याने हातावर ठेवलेल्या नोटेतून आणि जत्रेसाठी आजोबांनी दिलेल्या पैशांतून मिळतात. हे धडे कसे द्यावेत, याचा विचार येथे केला आहे.

ज्याला दिले, त्याचे ते झाले

भेट म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते, हे मोठ्यांच्या व्यवहारात सर्वांस मान्य आहे. विवाहित स्त्रीच्या स्त्रीधनाला तिच्या संमतीवाचून हात लावू नये, हे समाज मानतो आणि कायदाही मानतो. मग आठ वर्षांच्या मुलीच्या ओवाळणीच्या ताटात पडलेली नोट घरातील कोणीही न विचारता उचलावी, यात विसंगती आहे. त्यातही मुलगा असेल तर त्याला ते पैसे बहुधा खर्चू देतात, आणि मुलगी असेल तर ते घरात जमा होतात. आपले म्हणून जे मिळते ते आपले नसते, ही समजूत त्या मुलीच्या मनात याच वयात घर करते. पुढे ती मोठी होऊन मजुरीचे वा नोकरीचे पैसे घरी आणील, तेव्हाही ते कसे खर्च व्हावेत हे विचारण्याचा धीर तिला होणार नाही. एका नोटेची गोष्ट म्हणूनच लहान नाही.

घरची ओढाताण शिक्षकांस ठाऊक असतेच. दुकानदाराची उधारी थकलेली असते, बियाण्याचे देणे असते. अशा वेळी मुलाचे पैसे घरखर्चास लागले तर त्यात लाजिरवाणे काही नाही. मात्र मागून घेणे आणि काढून घेणे यांत मोठे अंतर आहे. "बाळ, तुझे दोनशे रुपये घरात लागत आहेत, कापूस विकला की परत देईन," असे आईने सांगितले आणि तो शब्द पाळला, तर मूल आनंदाने पैसे देते. त्या देण्यात त्याचा निर्णय असतो, आणि आपणही या घराला उपयोगी पडलो याचे समाधान असते. न सांगता घेतलेल्या पैशांतून मूल दुसराच धडा शिकते. पुढच्या वेळी मिळालेली नोट ते दप्तराच्या तळाशी लपविते आणि विचारल्यास खोटे सांगते.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांची संहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ साली तिला मान्यता दिली. मुलाशी संबंधित असलेल्या बाबींत त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्याचे वय व समज पाहून त्याला वजन द्यावे, असे तिच्या बाराव्या कलमात म्हटले आहे. ते तत्त्व आचरणात आणावयास स्वतःच्या पैशांहून सोपी बाब दुसरी कोणती असणार?

लहान वयातील लहान चूक

"मुलांना पैसे दिले तर ती उधळतात," असा आक्षेप पालक घेतात. तो खोटा नाही. दहा वर्षांचा मुलगा जत्रेत दीडशे रुपयांची मोटारगाडी घेतो आणि दुसऱ्याच दिवशी तिचे चाक निखळते. अशा वेळी "तरी मी सांगत होतो!" हे वाक्य मोठ्यांच्या तोंडी अगदी सहज येते, आणि तेच आवरले पाहिजे. चाक निखळल्याने जे शिकावयाचे ते मुलगा आपोआप शिकत असतो. मोठ्यांनी टोमणा मारला, म्हणजे त्याचे लक्ष गाडीवरून उडून स्वतःचा बचाव करण्याकडे लागते. तसेच, त्याला दया येऊन लगेच दुसरी गाडी आणून देणेही बरे नव्हे. त्यामुळे चुकीची किंमत दुसऱ्याने भरावयाची असते, असा समज होतो.

चूक करावयाचीच असेल तर ती दहाव्या वर्षी दीडशे रुपयांची झालेली बरी. स्वतःच्या पैशांचा निर्णय कधीच न घेतलेला तरुण पंचविसाव्या वर्षी पहिला निर्णय घेतो, तो मोटारसायकलच्या हप्त्यांचा वा लग्नातील कर्जाचा असतो. ती चूक निस्तरण्यासाठी कधीकधी जमिनीचा तुकडा विकावा लागतो. आपल्या गावांतून अशी घरे शिक्षकांनी पाहिलेली आहेत.

श्यामने शिवविलेला कोट

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकातील एक प्रसंग येथे आठवतो. दापोलीस शिकणारा श्याम, वडील खाऊसाठी देत ते आणा-दोन आणे साठवितो आणि गणेशचतुर्थीसाठी धाकट्या भावाला नवा कोट शिवून नेतो. हा प्रसंग वर्गात सांगताना त्यातील बंधुप्रेमावर आपण भर देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील आणखी दोन गोष्टी शिक्षकांनी ध्यानी घ्याव्यात.

पहिली अशी की, हे पैसे भावासाठी साठव असे श्यामला कोणी सांगितलेले नव्हते. पैसे त्याचे होते, ते खाऊत घालविण्याची मोकळीक त्याला होती. म्हणूनच तो कोट मोलाचा ठरला. आज्ञेवरून शिवविलेला कोट हे केवळ आज्ञापालन झाले असते. दुसरी अशी की, कोट पाहताच वडिलांच्या मनात प्रथम शंका आली, की याने एवढे पैसे आणले कोठून? मुलाच्या हाती पैसे दिसले, की आधी संशय घ्यावयाचा ही मोठ्यांची जुनी सवय आहे. शिक्षकांनी ती टाळावी. चौकशी करावयाची झाल्यास ती एकांतात आणि शांतपणे करावी.

प्रत्येक मूल श्यामसारखे वागेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. कोणी त्या पैशांची जिलबी खाल्ली, म्हणून ते मूल कमी प्रतीचे ठरत नाही. स्वतःच्या पैशांची जिलबी गोड लागते, हाही अनुभवच आहे.

कुंपण आधी घालावे

निर्णयाची मोकळीक म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. शेताला कुंपण असते, तशा काही मर्यादा असाव्यात. पण त्या थोड्या असाव्यात आणि पैसे हाती पडण्यापूर्वी सांगितलेल्या असाव्यात. पुढील तीन मर्यादा पुरेशा आहेत.

१. शरीरास घातक वस्तू घ्यावयाच्या नाहीत. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखूचे पदार्थ विकणे, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकणे गुन्हा आहे. शाळेजवळच्या टपरीवर शिक्षकांची नजर असावी.

२. पैसे लावून खेळावयाचे नाही. मग तो जत्रेतील खेळ असो वा मोबाइलवरील. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारने २०२५ साली केला आहे.

३. हाती आहेत त्याहून अधिक खर्च करावयाचा नाही, आणि दुकानदाराकडे उधारी ठेवावयाची नाही.

या तीन मर्यादांच्या आत काय घ्यावे, केव्हा घ्यावे, की काहीच न घेता पैसे ठेवावेत, हे मुलाने ठरवावे. वस्तू मोठ्यांस निरर्थक वाटते, एवढेच कारण ती नाकारण्यास पुरेसे नाही.

एका नव्या अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. शहरात राहणारा मामा आता ओवाळणी पुष्कळदा वडिलांच्या मोबाइलवर पाठवितो. ती वडिलांच्या खात्यात जमा होते आणि मुलीच्या दृष्टीस पडतही नाही. अशी रक्कम मुलीच्या वहीत लिहून ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर नोटांच्या रूपाने तिच्या हाती द्यावी, असे पालकांना सुचवावे. दहा रुपयांची नोट देऊन वस्तू घेताना आपल्याजवळचे काही कमी झाले, हे मुलास दिसते; मोबाइलवर ते दिसत नाही.

शिक्षकाचे कार्य

मुलांचे पैसे शिक्षकाने सांभाळावयाचे नाहीत आणि ते कसे खर्चावेत हेही सांगावयाचे नाही. विचार कसा करावा, एवढे दाखविणे हे त्याचे कार्य होय. त्यासाठी वेगळी तासिका नको; गणिताचा तास पुरेसा आहे.

आपल्याकडे दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. परंतु पंचवीस पैसे व त्याखालील नाणी २०११ साली चलनातून बाद झाली. त्यामुळे पैसे-रुपयांची पुस्तकातील पुष्कळ उदाहरणे मुलांस परकी वाटतात. त्याऐवजी असे उदाहरण घालावे: एका मुलीजवळ २०० रुपये आहेत. तिला ९० रुपयांची कंपासपेटी घ्यावयाची आहे, मैत्रिणीला ३० रुपयांची भेट द्यावयाची आहे आणि जत्रेत पाळण्यात बसावयाचे आहे. पाळण्याच्या एका फेरीस ४० रुपये पडतात. तर तिच्या किती फेऱ्या होतील? दोन, हे उत्तर मुले लगेच देतील. मग विचारावे, तिला तीन फेऱ्या हव्या असतील तर काय करावे? भेट सोडली तरी दहा रुपये कमी पडतात. पेटी सोडली तर पैसे उरतात, पण पेटी राहून जाते. ५० रुपयांची साधी पेटी घेतली तर तिन्ही गोष्टी नेमक्या बसतात. कोणता मार्ग बरा, यावर मुलांना बोलू द्यावे. येथे शिक्षकाने स्वतःचे मत देऊ नये, कारण या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

खर्चापूर्वी स्वतःला विचारावयाचे तीन प्रश्न मुलांस सांगून ठेवावेत: ही वस्तू मला कशासाठी हवी? याच पैशांत दुसरे काय येईल? आठ दिवसांनीही ती हवीशी वाटेल काय? तसेच प्रत्येकाने जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हिशेब ठेवावा. तारीख, पैसे कोणी दिले, कशावर खर्च झाले आणि शिल्लक किती, एवढे चार रकाने पुरेत. ही वही मुलाची खासगी समजावी. त्याने आपण होऊन दाखविली तरच ती पाहावी.

दोन बाबतींत विशेष जपावे. कोणाला किती पैसे मिळाले, हे वर्गात उघडपणे कधीही विचारू नये. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतील, किंवा मायेचे माणूस गमावलेल्या मुलांना ओवाळणी घालणारे कोणी नसते. त्यांच्यासाठी शाळेतील आनंद बाजार उपयोगी पडतो. वर्गाने मिळून भाजीचे वा भेळीचे दुकान मांडावे आणि आलेल्या नफ्याचे काय करावयाचे, हे सर्व मुलांनी मिळून ठरवावे. तेथे प्रत्येकाच्या मतास सारखेच मोल असते. दुसरी बाब अशी की, केवळ साठविणाऱ्या मुलाचीच वाहवा करू नये. तसे केल्यास बाकीची मुले शिक्षकाला आवडेल ते सांगू लागतात, खरे ते सांगत नाहीत.

पैसे ठेवावयाचे असतील तर

एखाद्या मुलाने आपण होऊन बचतीचा मार्ग निवडला, तर त्याला साहाय्य करावे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने अशी मुभा दिली आहे. २०१४ साली आणि पुन्हा २०२५ साली तिने तशा सूचना काढल्या. मात्र खात्यातील पैसे पुढे कशासाठी काढावयाचे, हेही मुलानेच ठरविले पाहिजे. कधीच काढता न येणारी बचत आणि 'ठेवायला घेतलेले' पैसे यांत मुलाच्या दृष्टीने काही भेद नाही.

पालकसभेत हा विषय दिवाळीपूर्वी एकदा निघावा. पालकांस उपदेश करण्याऐवजी त्यांच्या लहानपणच्या ओवाळणीचे काय झाले, एवढेच विचारावे. सभेतील एखादी आजीच उठून सांगेल की, तिला मिळालेला रुपया कोणी घेतला हे तिला अद्यापि आठवते. त्या एका आठवणीने पालकांस जे पटेल, ते भाषणाने पटणार नाही.

हे बदल एका वर्षात दिसणारे नाहीत. काही घरांतून पैसे पूर्वीप्रमाणेच काढून घेतले जातील, काही मुले ते दोन दिवसांत उडवतील. परंतु पुढील दिवाळीनंतर शाळा भरेल, तेव्हा ओवाळणीचे काय केलेस या प्रश्नावर "अजून ठरवते आहे" असे उत्तर एका जरी मुलीने दिले, तरी शिक्षकाचे श्रम वाया गेले नाहीत असे समजावे.